मालकाने गाळ्याला परस्पर कुलूप लावलं तर: नव्या दुकानदारांसाठी

जागा परत मागायचा हक्क मालकाला असू शकतो. पण तुम्हाला तिथून बाहेर काढायचं काम कोर्टाच्या हुकमाने, कोर्टाच्या बेलिफकडूनच व्हावं लागतं. करार संपलेला असो, भाडं थकलेलं असो, नाहीतर मालकाच्या मुलाला त्याच जागेत मेडिकल टाकायचं असो. रात्री येऊन शटरला दुसरं कुलूप ठोकायची मुभा यातल्या कुठल्याच कारणाने मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1968 साली लल्लू यशवंत सिंग विरुद्ध राव जगदीश सिंग या निकालात सांगितलं. 1989 साली कृष्ण राम महाळे विरुद्ध शोभा व्यंकट राव या निकालात आणखी स्पष्ट केलं, की ज्याचा जागेवर स्थिर ताबा आहे त्याला तिथे राहायचा हक्क उरलेला नाही असं गृहीत धरलं, तरी मालकाने कायद्याच्या मार्गानेच जावं.

हे माहीत नसल्यामुळे माणसं स्वतःहून किल्ली देऊन मोकळी होतात, आणि मग वकिलाकडे येतात. वकिलीत मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती या पक्षकारांची. कायदा ताब्याच्या बाजूने उभा असतो आणि ताबाच त्यांनी सोडून दिलेला असतो.

हा लेख महाराष्ट्रात दुकान, गाळा, ऑफिस किंवा गोडाऊन भाड्याने घेऊन धंदा सुरू करणाऱ्यांसाठी आहे.

पहिली पायरी: तुम्ही नक्की कोण आहात ते ठरवा

'मी भाड्याने आहे' हे बोलायला ठीक आहे. कायद्याच्या दृष्टीने त्यात निदान चार-पाच वेगवेगळी माणसं येतात आणि प्रत्येकाचं संरक्षण वेगळं असतं.

जुने किंवा पागडीचे (भाड्याशिवाय एकरकमी रक्कम देऊन आलेले) भाडेकरू सगळ्यात भक्कम. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू होतो. हा कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. (पुढे कायद्याचं नाव न घेता नुसतं कलम लिहिलं असेल, तर ते याच कायद्याचं.) त्याआधी मुंबई-पुण्याकडे 1947 चा मुंबई भाडे कायदा होता, विदर्भात आणि मराठवाड्यात वेगळे. ते सगळे गुंडाळून हा एक आणला. 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला होता, तोही या कायद्याने कायम ठेवला. पागडीबद्दल अनेकांना वाटतं की ती बेकायदा आहे. तसं नाही. मालकाच्या संमतीने भाडेहक्क हस्तांतरित करताना रक्कम घेणं-देणं या कायद्याच्या कलम 56 ने वैध केलं आहे. भाडेकरू वारला तर त्याच जागेत धंदा पाहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो, हेही याच कायद्यात आहे. मात्र हा कायदा राज्यातल्या प्रत्येक गावाला लागू नाही. परिशिष्टात दिलेल्या भागांतच तो चालतो, तेव्हा लहान गावात दुकान असेल तर ते आधी तपासा.

दुसरे लिव्ह अँड लायसन्सवाले. आज नवीन गाळा घेणारे बहुतेक जण यातच मोडतात. इथे तुम्ही भाडेकरू नसता, ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची परवानगी मिळालेले असता. मुदत संपली की राहायचा हक्कही संपतो. पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. लायसन्स संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट अर्ज करून जागा परत घ्यायची जी सोय कलम 24 मध्ये आहे, ती फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकानाच्या मालकाला रीतसर दावाच लावावा लागतो. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात, म्हणजे धोबी तलावच्या स्मॉल कॉज कोर्टात जातो. 'नव्वद दिवसांत ऑर्डर आणतो बघ' अशी धमकी कुणी दिली, तर आधी विचारा, कुठल्या कलमाखाली?

तिसरे मोठ्या कंपन्या. ज्या प्रायव्हेट किंवा पब्लिक लिमिटेड कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल 1 कोटी रुपये किंवा जास्त आहे, तिला भाडे नियंत्रण कायद्याचं छत्र नाही. बँका, सरकारी उपक्रम आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचंही तेच. त्यांना 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि स्वतःचा करार एवढंच. हे वाचून एखादा स्टार्टअपवाला म्हणेल, आपण तर छोटे. पण गुंतवणूकदार आला की भांडवल वाढतं आणि जुनं संरक्षण कधी गळून पडलं ते कळतही नाही.

चौथे सरकारी, महापालिकेच्या, रेल्वेच्या किंवा महामंडळाच्या गाळ्यांतले. त्यांच्यासाठी जागा खाली करायचे स्वतंत्र कायदे आहेत. तिथेही नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, पण मार्ग वेगळा आहे. खाली जे लिहिलं आहे ते त्यांना जसंच्या तसं लागू पडणार नाही.

आणि मुंबईतला खास प्रकार, कंडक्टिंग. चालू हॉटेल किंवा लाँड्री दुसऱ्याला चालवायला द्यायची. कागदावर जागा नाही तर धंदा दिलेला असतो. अशा करारावर सही करणाऱ्याने स्वतःला भाडेकरू समजू नये. कोर्ट कागदाचं शीर्षक बघून थांबत नाही, व्यवहार खरा काय होता ते तपासतं हे खरं. पण ते सिद्ध करायला वर्षं जातात.

दुसरी पायरी: भांडण नसतानाच कागद गोळा करा

कलम 31 प्रमाणे भाड्याची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. न दिल्यास रोजचा दंड आहे. तो शंभर रुपयांपर्यंतचा, म्हणजे मालकाला धाक बसावा असा मुळीच नाही. म्हणून पावती मिळत नसेल तर भांडत बसू नका, भाडं बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात महिना व गाळा क्रमांक लिहा. 'मार्च 2025 भाडे, गाळा 4' एवढंच. रोखीने घेणारा मालक असेल तर पैसे दिल्यावर लगेच व्हॉट्सअॅपवर साधा निरोप टाका: 'काका, मार्चचे भाडे आज रोख दिले, पावती देता आली तर बरे होईल.' काकांनी नुसता अंगठा पाठवला तरी पुढे उपयोगी पडतो. जुना मोबाइल विकताना हे निरोप उडू देऊ नका. कोर्टात ते दाखवायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

करार नोंदणीकृत हवा. कलम 55 नुसार भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदवलेला असलाच पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून कामाचं कलम असं की करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. पण या भरवशावर तोंडी व्यवहार करू नका. नोंदणी स्वस्त आहे. लिव्ह अँड लायसन्सला एकूण रकमेच्या पाव टक्का मुद्रांक आणि शहरात हजार रुपये नोंदणी फी. दलालाच्या एका चहापाण्यात भागतं.

ताबा दाखवणारे बाकीचे कागद: गुमास्ता किंवा दुकाने कायद्याखाली दिलेली सूचना, जीएसटी नोंदणीतला पत्ता, वीज बिल, उद्यम नोंदणी, खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर तो परवाना, माल उतरवल्याची चलनं. यांपैकी एकही मालकीचा पुरावा नाही, पण त्या दिवशी दुकान तुम्हीच चालवत होता हे दाखवायला पुरे. दर महिन्याला एकदा दुकानाच्या आतला, मालासकट, दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. हा सल्ला मी फुकट देतो आणि कुणी पाळत नाही.

सही करण्याआधी करारात एक ओळ शोधा: 'मुदत संपताच मालक जागेला कुलूप लावून मालाची विल्हेवाट लावू शकेल.' अशी ओळ ठोकून देणारे नमुने बाजारात फिरतात. ती खोडून घ्या. खोडली नाही तरी तिच्या जोरावर बळजबरी कायदेशीर ठरत नाही, पण पोलीस ठाण्यात ती ओळ मालक बोट ठेवून दाखवणार, आणि त्या दिवशी तिथे कायदा समजावून सांगायला तुमच्याकडे वेळ नसणार.

तिसरी पायरी: भाडं थकू देऊ नका, भांडण झालं तरी

कलम 15 चा गाभा सोपा आहे. भाडं देतो आणि द्यायला तयार आहे, त्या भाडेकरूला सहसा काढता येत नाही. थकबाकीच्या कारणावरून दावा लावायचा तर मालकाला आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून 90 दिवस थांबावं लागतं. दावा लागला तरी आणखी एक दार उघडं असतं. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांच्या आत सगळी थकबाकी, त्यावर दरसाल 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि पुढे निकाल लागेपर्यंत दरमहा भरत राहिलात, तर त्या कारणावर खाली करायचा हुकूम होत नाही. 'भरत राहिलात' यावर जोर आहे. एकदा भरून पुढचे महिने कानामागे टाकणारे या दारातून परत बाहेर जातात.

भांडण सुरू झालं की मालक भाडं घ्यायचं थांबवतो. ही जुनी खेळी आहे. सहा महिने घ्यायचं नाही आणि मग थकबाकीची नोटीस धाडायची. उत्तर म्हणून बँकेत पाठवा. खातं बंद केलं असेल तर चेक स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. परत आला तर पाकीट न फोडता जपून ठेवा, त्यावरचा 'घेण्यास नकार' हा पोस्टमनचा शेरा तुमचा साक्षीदार आहे.

आता वाढीबद्दल. ज्यांना हा कायदा लागू आहे त्यांच्या भाड्यात मालक वर्षाला 4 टक्के वाढ करू शकतो. 'बाजारभाव दे नाहीतर उठ' म्हणायची सोय कायद्यात नाही. लायसन्सवाल्यांना मात्र करारात जी वाढ लिहिली तीच.

चौथी पायरी: कुलपाआधीची लक्षणं

थेट कुलूप क्वचितच पडतं. आधी वीज जाते. मग पाणी. मग जिन्यातला दिवा लागत नाही, शटरसमोर वाळूचा ढीग पडतो, तुमच्या पाटीवर मालकाचा फ्लेक्स चढतो. यातल्या वीज, पाणी, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि सफाई यांना कायद्यात अत्यावश्यक सेवा म्हटलं आहे. कलम 29 प्रमाणे मालकाने त्या सबळ कारणाशिवाय तोडल्या तर भाडेकरू कोर्टात अर्ज करू शकतो. कोर्ट सेवा पूर्ववत करायचा हंगामी हुकूम देऊ शकतं आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. मीटर मालकाच्या नावावर असेल तर स्वतःच्या नावाने मागा. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 43 मध्ये वीज मागायचा हक्क मालकाबरोबर जागा वापरणाऱ्यालाही दिला आहे. खिडकीवरचा माणूस मालकाचं ना-हरकत पत्र मागेल. तेव्हा कलम लिहिलेला अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

या टप्प्यावरच वकील गाठा. दोन गोष्टी होऊ शकतात. एक, मनाई हुकमाचा दावा: कायद्याच्या मार्गाशिवाय ताब्याला हात लावू नये, एवढीच मागणी. हा दावा कुलूप पडण्याआधी लावणं आणि पडल्यावर लावणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी, कॅव्हेट. मालक तुमच्याविरुद्ध काही अर्ज करणार असं वाटत असेल तर कोर्टात कॅव्हेट दाखल करून ठेवायचं, म्हणजे तुम्हाला न ऐकता हुकूम होत नाही. ते 90 दिवस टिकतं, मग पुन्हा टाकायचं.

पाचवी पायरी: कुलूप पडलं त्या दिवशी

सकाळी दुकान उघडायला गेलात आणि शटरला तुमच्या कुलपाशेजारी दुसरं कुलूप दिसलं. आधी कुलूप कुणी लावलं ते पाहा. शटरवर कागद चिकटवला आहे का? बँकेची ताबा नोटीस असेल तर मालकाने जागेवर कर्ज काढून बुडवलं आहे, आणि तुमचं भांडण बँकेशी आहे. बँकांना थकलेल्या कर्जापोटी तारण जागेचा ताबा घेऊ देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्यात 2016 पासून भाडेकरूला कर्ज वसुली न्यायाधिकरणात आपला हक्क मांडता येतो, पण मुदत 45 दिवसांची आहे. महापालिकेचं सील असेल तर तो तिसराच विषय. कोर्टाचा बेलिफ येऊन गेला असेल तर मालकाने तुमच्या पाठीमागे हुकूम मिळवला आहे, त्याच दिवशी कोर्टात धावा. आणि कागदच नसेल, तर पुढचं वाचा.

कुलूप तोडू नका. मला माहीत आहे, हात शिवशिवतात, शेजारचे दुकानदार पक्कड आणून देतात. पण तोडलंत की मालक तुमच्याआधी पोलिसांत जातो आणि फिर्यादी तो होतो. फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे. शेजारच्या दोन दुकानदारांना बोलवा, त्यांची नावं लिहून घ्या. समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी चित्रण मागून घ्या, बहुतेक यंत्रं काही दिवसांत जुनं पुसून टाकतात. 112 ला फोन करा, फोन केल्याची नोंद राहते.

मग पोलीस ठाणं. तिथे पहिलं वाक्य ठरलेलं आहे: 'हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.' अर्धं खरं आहे. मालकीचा आणि भाड्याचा वाद दिवाणी आहेच. पण तुमच्या ताब्यातल्या जागेत जबरदस्तीने शिरणं, धमकावणं, माल फेकणं, वाट अडवणं हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत: कलम 329, 351, 324, 126. म्हणून तोंडी गाऱ्हाणं सांगू नका, लेखी अर्ज द्या. असा:

'मी वरील पत्त्यावरील दुकान क्र. __ मध्ये सन __ पासून भाड्याने व्यवसाय करतो. दि. __ रोजी सकाळी __ वाजता दुकान उघडण्यास गेलो असता शटरला माझ्या कुलपाव्यतिरिक्त दुसरे कुलूप लावलेले आढळले. जागा खाली करण्याबाबत कोणत्याही न्यायालयाचा हुकूम मला बजावलेला नाही. मी जागेचा ताबा कोणासही दिलेला नाही. दुकानात माझा अंदाजे रु. __ चा माल, वह्या व रोख रक्कम आहे. तरी गुन्हा नोंदवून माझा ताबा व माल यांना संरक्षण द्यावे.'

यातली मधली दोन वाक्यं सोडू नका: कोर्टाचा हुकूम नाही, आणि ताबा दिलेला नाही. सगळं प्रकरण पुढे त्यांच्यावरच उभं राहतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. नुसती एन.सी. (अदखलपात्र तक्रारीची नोंद) घेऊन पाठवलं तरी तिची प्रत मागा. गुन्हाच नोंदवला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना, आणि आयुक्तालय असलेल्या शहरात उपायुक्तांना, पोस्टाने पाठवायची. तिथूनही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

त्या दिवसांत मालकाचा एक फोन हमखास येतो, फार गोड आवाजात: 'अरे, तुझा माल खराब होईल, ये आणि घेऊन जा, मी कुलूप काढतो.' नाशवंत माल असलेला दुकानदार लगेच टेम्पो घेऊन जातो. माल भरला की मालक रिकाम्या दुकानाचे फोटो काढतो आणि कोर्टात लावतो: यांनी स्वखुशीने जागा सोडली. माल काढायचाच असेल तर आधी लेखी कळवा की हक्क आणि ताबा राखून फक्त नाशवंत माल नेत आहोत. काऊंटर, पाटी, फर्निचर, देवाचा फोटो तिथेच राहू द्या. आणि समोरून कुठलाही छापील कागद आला, 'फक्त माल मिळाल्याची सही' म्हणून, तर तो घरी नेऊन वाचा. त्यात तिसऱ्या ओळीत ताबा पावती असते.

सहावी पायरी: कोर्ट, आणि सहा महिन्यांची रेघ

इथे सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं (स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट) कलम 6. कायद्याची प्रक्रिया न करता, संमतीशिवाय ताबा काढून घेतला असेल, तर ताबा परत मिळवायचा दावा. मालकी कुणाची हा प्रश्न इथे येतच नाही. मालकाने सात-बारा, मालमत्ता पत्रक, खरेदीखत काहीही आणलं तरी कोर्ट म्हणतं, ते वेगळ्या दाव्यात. तुम्हाला दोनच गोष्टी दाखवायच्या: ताबा होता, आणि तो बेकायदा काढला. या दाव्याच्या निकालावर अपील नाही. सरकारविरुद्ध मात्र हा दावा चालत नाही.

मुदत ताबा गेल्यापासून सहा महिने. त्यानंतर हे दार बंद होतं आणि उरतो तो लांबचा, हक्क सिद्ध करण्याचा मार्ग. हे सहा महिने कसे जातात ते मी नेहमी पाहतो. पहिला महिना नातेवाईक मध्यस्थी करतात. दुसऱ्यात नगरसेवकाच्या ऑफिसात बैठक होते. मग गणपती येतात, दिवाळी येते, मालक म्हणतो 'दिवाळीनंतर बसू'. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण कुलूप लावणाऱ्या मालकाला फार आवडते. बैठका करा, पण दावा दाखल करून मग करा.

दावा कुठल्या कोर्टात, हा प्रश्न वकिलावर सोडा, पण विचारा जरूर. भाडेकरू-मालक वाद मुंबईत लघुवाद न्यायालयात, पुण्यासारख्या शहरात तिथल्या लघुवाद न्यायालयात आणि इतरत्र दिवाणी न्यायाधीशांसमोर जातात. चुकीच्या कोर्टात लावलेला दावा दोन वर्षांनी परत हातात पडतो.

अंतरिम अर्जात, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या हुकमासाठीच्या अर्जात, काय मागायचं हे फार महत्त्वाचं आहे. घाईत वकील 'जैसे थे' हुकूम मागतो आणि मिळाला की अशील पेढे वाटतो. पण कुलूप आधीच पडलेलं असेल तर 'जैसे थे' म्हणजे कुलूप जसंच्या तसं! तुम्हाला हवी आहे कुलूप पडण्याआधीची स्थिती. निकालाआधी असा हुकूम मिळणं अवघड आहे, पण अशक्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली दोराब कावसजी वॉर्डन विरुद्ध कूमी सोराब वॉर्डन या निकालात, वाद सुरू होण्यापूर्वीची शेवटची निर्विवाद स्थिती परत आणायला असे हुकूम कधी द्यावेत याचे निकष घालून दिले आहेत. शेवटी असा हुकूम देणं कोर्टाच्या विवेकावर असतं, त्यामुळे तुमची वागणूक आणि वेळ यांनाही महत्त्व येतं. दोन दिवसांत कोर्टात आलेल्या दुकानदाराचं ऐकतात, चार महिन्यांनी आलेल्याला विचारतात, इतके दिवस काय करत होतात? त्याच अर्जात कोर्ट कमिशनर नेमायची मागणी करा, म्हणजे आतल्या मालाची त्रयस्थ यादी होते.

लायसन्सवाल्यांसाठी आणखी एक आधार आहे. मुदत संपण्याआधी, तुमची काही चूक नसताना मालकाने बाहेर काढलं, तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 64 नुकसानभरपाई देतं. मुदत संपल्यावर माल हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो, तो त्याच कायद्याच्या कलम 63 मुळे. पण मुदत संपल्यावर मुद्दाम बसून राहण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही. बेलिफ येईपर्यंत बसता येतं, पण जागेच्या बाजारभावाने भरपाईचा आकडा रोज वाढत असतो, आणि अनामत त्यातच जाते.

महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. दुकान पत्नीच्या किंवा आईच्या नावावर असेल तर हे लक्षात ठेवा.

मालकाची बाजू कुठे भक्कम असते

कलम 16 वाचा, कारण मालकाचा वकील तेच वाचून येतो. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवलात. लेखी परवानगी न घेता पक्का पोटमाळा घातलात. दुकान सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने बंद ठेवलंत. अशा कारणांवर हुकूम होतात आणि टिकतात. मेहुण्याला भागीदार दाखवून दुकान त्याच्या हवाली केलं असेल, तर भागीदारीपत्र, बँक खातं, नफ्याचे हिशेब खरे असले पाहिजेत, नाहीतर कोर्ट त्याला पोटभाडेकरूच म्हणेल. मालकाला स्वतःसाठी खरोखर जागा हवी असेल तर तेही कारण आहे. तिथे कोर्ट दोघांपैकी कुणाची अडचण जास्त हे तोलतं, आणि म्हणून आसपास दुसरी जागा शोधल्याचे पुरावे तुमच्याकडे हवेत. दलालाबरोबरचे निरोप चालतात.

इमारत धोकादायक ठरवली तर

आजकाल कुलपाऐवजी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, येतं. मुंबईत सी-1 वर्गात टाकलेली इमारत खाली करून पाडावी लागते. काही इमारती खरोखरच पडायला आलेल्या असतात, तिथे अडून बसू नका, जीव मोठा. मात्र भाडेकरूंनी स्वतंत्र ऑडिट करून घेतलं आणि दोन अहवालांत तफावत निघाली तर मुंबई महापालिकेत ते तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. बाहेर पडायची वेळ आलीच, तर आपल्या गाळ्याचं चटईक्षेत्र पालिकेकडून मोजून, भाडेकरूंच्या यादीत नाव चढवून, प्रत हातात घेऊन बाहेर पडा. इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शहा रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या निकालात सांगितलं आहे. हक्क राहतो, पण किती फुटांचा हे त्या मोजणीच्या कागदावरून ठरतं.

गोव्यातल्या वाचकांसाठी: तुमच्याकडे 1968 चा वेगळा भाडे नियंत्रण कायदा आहे आणि त्याखालचे वाद रेंट कंट्रोलरकडे सुरू होतात. विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 6 आणि त्याची सहा महिन्यांची मुदत तिथेही तीच.

तडजोड करून निघायचं ठरलं तर

बरीच प्रकरणं अखेर पैशावर मिटतात आणि त्यात वावगं काही नाही. फक्त क्रम सांभाळा. अनामत, ठरलेली रक्कम आणि किल्ली यांची देवघेव एकाच वेळी, एकाच टेबलावर. 'चेक पुढच्या महिन्याचा आहे' म्हटलं तर किल्लीही पुढच्या महिन्याची. दावा चालू असेल तर तडजोड कोर्टात दाखल करून तिचा हुकूम करून घ्या.

आणि मालकाच्या स्वतःच्या गरजेसाठी कोर्टाच्या हुकमाने जागा सोडावी लागली असेल, तर त्या रस्त्याने वर्षभर जात-येत राहा. महिन्याच्या आत मालकाने जागा वापरायला घेतली नाही, किंवा वर्षाच्या आत ती दुसऱ्या कुणाला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू ताबा गेल्यापासून तेरा महिन्यांच्या आत कोर्टात अर्ज करून तीच जागा परत मागू शकतो. अर्जाला जोडायला नव्या दुकानाच्या पाटीचा फोटो आणि तिथून केलेल्या खरेदीचं एक बिल असलं, तर सुरुवात चांगली होते.